वाऱ्याची वीज : अंगणातून डोंगरावर

पुण्याहून नगरकडे येताना शिरूरजवळ घोड नदी ओलांडली की अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा सुरू होतो. थोड्याच वेळात सुप्याच्या परिसरातील डोंगरमाथ्यांवर पांढऱ्या पवनचक्क्या दिसू लागतात. सहलीची गाडी या रस्त्याने जात असेल, तर मुले खिडक्यांशी गर्दी करतात आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. काही चक्क्या फिरताहेत, मग काही का थांबल्या आहेत? आपल्या घरावर अशी एक लहान चक्की बसवली, तर विजेचे बिल येणारच नाही ना? मुले पारनेर किंवा नगर तालुक्यातली असतील, तर आणखी एक प्रश्न येतो. चक्क्या आमच्या डोंगरावर आहेत, तर वीज आमच्याच गावातून का जाते?

तिन्ही प्रश्न चांगले आहेत. पहिल्याचे उत्तर यंत्राच्या रचनेत सापडते, दुसऱ्याचे भौतिकशास्त्रात. तिसऱ्याचे उत्तर मात्र इतिहासात शोधावे लागते. वाऱ्यापासून वीज करण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक झाला तो एका घरासाठी. त्यानंतर गावासाठी वीज करणारी चक्की उभी राहिली, ती एका शिक्षकाच्या हातून. मग ही वीज घराचे अंगण आणि गावाची वेस सोडून डोंगरावर का गेली? ही हकिगत समजून घेतली, तर नगर जिल्ह्यातल्या मुलांच्या प्रश्नांना नीट उत्तर देता येईल.

पहिले घर

वाऱ्याचा उपयोग माणसाला नवा नाही. आपल्याकडे खळ्यावर धान्य उफणताना शेतकरी उंचावर उभा राहतो, सूप किंवा पाटी डोक्याच्या वर धरतो आणि वाऱ्याची झुळूक येण्याची वाट पाहतो. दाणा खाली पडतो, भूस दूर उडते. वारा उंचावर बरा मिळतो आणि तो आपल्या सोयीने येत नाही, या दोन्ही गोष्टी त्याला ठाऊक असतात. पुढे पवनचक्कीच्या तंत्रज्ञांना शंभर वर्षे ज्या अडचणींशी झगडावे लागले, त्या मुळात याच दोन आहेत.

स्कॉटलंडमधील ग्लासगोचे प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी १८८७ च्या जुलै महिन्यात मेरीकर्क या गावातील आपल्या सुटीच्या घराच्या बागेत एक पवनचक्की उभारली. तिची उंची सुमारे १० मीटर होती आणि तिला कापडी शिडे होती. चक्कीला जनित्र जोडलेले होते आणि त्यातून येणारी वीज विद्युतघटांत साठवली जाई. त्या विजेवर घरातले दिवे लागले. वाऱ्याच्या विजेवर उजळलेले हे जगातले पहिले घर मानले जाते.

ब्लाइथ यांच्याकडे वीज उरत असे. गावाच्या मुख्य रस्त्यावर दिवे लावण्यासाठी ती देऊ, असे त्यांनी गावकऱ्यांना सांगितले. गावकऱ्यांनी नकार दिला. वीज हे सैतानाचे काम आहे, असे त्यांना वाटत होते. पुढे ब्लाइथ यांनी माँट्रोझ येथील मनोरुग्णालयाला अडीअडचणीच्या वेळी वीज मिळावी म्हणून मोठी चक्की बांधून दिली.

१८८७-८८ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे चार्ल्स ब्रश या संशोधकाने आपल्या वाड्याच्या आवारात याहून कितीतरी मोठी चक्की बांधली. तिच्या चक्राचा व्यास १७ मीटर होता आणि त्याला देवदाराच्या लाकडाची १४४ पाती होती. एवढ्या अजस्र यंत्राची क्षमता होती १२ किलोवॅट. तळघरात मांडलेल्या विद्युतघटांच्या जोरावर ब्रश यांच्या घराला तिने सुमारे वीस वर्षे वीज पुरवली.

या दोन्ही ठिकाणी चक्कीइतकेच महत्त्व विद्युतघटांना होते, हे लक्षात ठेवू. वारा पडला की घरात अंधार होऊ नये, यासाठी वीज साठवावी लागते. ते घट महाग होते आणि त्यांची निगा राखावी लागे. प्राध्यापकाला आणि श्रीमंत संशोधकाला ते परवडले. गावाला परवडेल असे काही करायचे, तर वेगळा विचार हवा होता.

एका शिक्षकाची चक्की

तो विचार डेन्मार्कमधील पॉल ला कूर (१८४६-१९०८) यांनी केला. ते आधी डेन्मार्कच्या हवामान संस्थेत काम करत. १८७८ मध्ये ते आस्को या खेड्यातील लोकविद्यालयात शिक्षक म्हणून रुजू झाले. शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींसाठी चालणारे हे विद्यालय होते. वीज शहरांत येऊ लागली होती. खेडी मागे पडणार, तरुण शहराकडे जाणार, हे ला कूर यांना दिसत होते. खेड्याला स्वतःची वीज कशी मिळेल, हा प्रश्न त्यांनी आपला मानला.

१८९१ मध्ये सरकारी मदत मिळवून त्यांनी विद्यालयाच्या आवारात पवनचक्की उभारली. साठवणीच्या अडचणीवर त्यांनी काढलेली तोड आजही आश्चर्य वाटावे अशी आहे. चक्कीच्या विजेने पाण्याचे विद्युत अपघटन करायचे आणि मिळालेला हायड्रोजन टाकीत साठवायचा. विद्यालयातले दिवे १८९५ पासून सुमारे सात वर्षे या वायूवर जळले. वारा पडलेल्या दिवसांतही अंधार झाला नाही. कधीमधी स्फोट होऊन खिडक्यांची तावदाने फुटत, हा भाग वेगळा! पुढे त्यांनी विद्युतघट वापरून आस्को गावालाच वीज दिली.

पात्यांचाही त्यांनी प्रयोग करून अभ्यास केला. वाऱ्याचा झोत निर्माण करणारे नळकांडे तयार करून त्यात ते निरनिराळी पाती तपासत. वीज करायची असेल तर पुष्कळ पात्यांच्या संथ चक्रापेक्षा मोजक्या पात्यांचे वेगाने फिरणारे चक्र चांगले, असे त्यांना आढळले. आपल्याकडे विहिरीवर पाणी उपसणाऱ्या जुन्या चक्कीला पुष्कळ पाती असतात आणि सुप्याच्या डोंगरावरील चक्कीला तीनच, यामागचे कारण हेच. पंप सुरू होताना जोर लागतो, तर जनित्राला वेग लागतो.

ला कूर यांनी १९०३ मध्ये पवन-वीज संस्था स्थापन केली आणि खेड्यांतील तरुणांना वीजकामाचे शिक्षण देणारे वर्ग सुरू केले. या क्षेत्रातील त्यांचे सर्वांत मोठे काम कदाचित हेच असेल. पहिल्या महायुद्धात इंधनाची टंचाई झाली, तेव्हा हे तरुण कामी आले. १९१८ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये गावांना वीज देणाऱ्या सुमारे १२० केंद्रांत पवनचक्क्या होत्या. त्यांची क्षमता साधारण २० ते ३५ किलोवॅट असे. गावाची चक्की, गावाचे वीजघर आणि ते चालवणारा गावातलाच माणूस, असे हे चित्र होते.

वेगाचा घन

आता मुलांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. घरावर चक्की बसवली तर?

वाऱ्यातील गतिज ऊर्जेचे गणित आठवी-नववीच्या मुलांना झेपणारे आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. शिवाय वारा जितका वेगवान, तितकी दर सेकंदाला चक्रातून जाणारी हवाही जास्त. म्हणून वेग आणखी एकदा गुणला जातो आणि वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सूत्र असे : शक्ती = ½ × हवेची घनता × चक्राचे क्षेत्रफळ × वेगाचा घन.

घराच्या गच्चीवर २ मीटर व्यासाची चक्की बसवली असे समजू. तिच्या चक्राचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर. पठारावरील हवेची घनता घनमीटरला १.१ किलोग्रॅम धरू. वाऱ्याचा वेग सेकंदाला ४ मीटर असेल, तर चक्रातून जाणाऱ्या हवेतील शक्ती सुमारे ११० वॅट भरते. ही सगळी आपल्याला मिळत नाही. चक्रातून गेलेली हवा पुढे वाहत राहायला हवी, म्हणून कोणतीही चक्की वाऱ्यातील ५९.३ टक्क्यांहून अधिक शक्ती घेऊ शकत नाही. ही मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ आल्बेर्ट बेट्झ यांच्या नावाने ओळखली जाते. लहान चक्कीला प्रत्यक्षात ३० टक्के मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे हाती आले ३३ वॅट. एवढा वारा दिवसरात्र वाहिला, तर २४ तासांत जेमतेम पाऊण युनिट. चार दिवे, एक पंखा आणि एक दूरदर्शन संच असलेल्या साध्या घराला रोज सुमारे एक युनिट लागते.

तोच वारा सेकंदाला ८ मीटर वेगाने वाहू लागला तर? वेग दुप्पट, शक्ती आठपट. दिवसाला सहा युनिटांहून अधिक वीज! आषाढात घर उजळून निघेल. पण पावसाळ्यानंतरच्या शांत दिवसांत वारा सेकंदाला २ मीटरवर आला, तर शक्ती आठव्या हिश्शावर येते आणि चक्की बहुधा फिरतच नाही. बहुतेक चक्क्यांना सुरू होण्यासाठी सेकंदाला सुमारे ३ मीटरचा वारा लागतो.

आणखी एक हिशेब करून पाहावा. शेतातल्या ५ अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे पावणेचार किलोवॅट लागतात. तो आठ तास चालला, तर जवळजवळ ३० युनिटे झाली. नगर जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबाची विजेची खरी गरज ही आहे, आणि गच्चीवरची चक्की तिच्या जवळपासही पोहोचत नाही.

उंचीचेही असेच आहे. जमिनीलगत झाडे, घरे, बांध वाऱ्याला अडवतात. मोकळ्या मैदानात १० मीटरऐवजी ५० मीटर उंचीवर गेल्यास वेग साधारण सव्वापट होतो. सव्वाचा घन जवळजवळ दोन. म्हणजे फक्त उंची वाढवून शक्ती दुप्पट! आणि चक्राचा व्यास २ मीटरऐवजी ४८ मीटर केला, तर क्षेत्रफळ ५७६ पट होते. निसर्गाचा हिशेब मोठ्या आणि उंच चक्कीच्या बाजूने आहे, तो असा.

जाळे आले, चक्क्या उतरल्या

तरीही घरगुती चक्क्यांचा एक मोठा काळ होऊन गेला. अमेरिकेतील माँटाना राज्यात वस्तीपासून दूर राहणाऱ्या जेकब्स बंधूंनी १९२० च्या दशकात तीन पात्यांची मजबूत घरगुती चक्की तयार केली. दोन-अडीच किलोवॅटच्या अशा सुमारे ३० हजार चक्क्या त्यांच्या कारखान्यातून गेल्या, असे सांगतात. विजेच्या तारा जिथे पोहोचल्या नव्हत्या, अशा शेतवाड्यांवर रेडिओ आणि दिवे त्यांच्यावर चालत.

१९३६ मध्ये अमेरिकेत ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा झाला. सरकारी कर्जाने तारा शेतवाड्यांपर्यंत आल्या. बटण दाबले की हवी तेव्हा, हवी तितकी वीज मिळू लागली. घट बदलण्याची कटकट संपली. दोन दशकांत घरगुती चक्क्यांचा धंदा बसला. डेन्मार्कमधल्या गावकेंद्रांचेही थोड्याफार फरकाने असेच झाले.

पण डेन्मार्कमध्ये ला कूर यांचा एक विद्यार्थी होता. योहानेस यूल या तरुणाने १९०४ मध्ये त्यांचा वर्ग केला होता. पुढे तो वीज कंपनीत अभियंता झाला. तारांचे जाळे हा पवनचक्कीचा शत्रू असण्याचे कारण नाही, हे त्याच्या ध्यानात आले. चक्कीची वीज घटांत साठवण्याऐवजी सरळ तारांच्या जाळ्यात सोडली तर? वारा असेल तेव्हा दुसरीकडचा कोळसा वाचेल, वारा नसेल तेव्हा दुसऱ्या केंद्राची वीज येईल. साठवण करण्याचे काम जाळ्यावर सोपवता येईल. १९५७ मध्ये गेडसर येथे यूल यांनी तीन पात्यांची २०० किलोवॅटची चक्की उभारली. ती सुमारे दहा वर्षे फारशी डागडुजी न होता चालली. १९७३ च्या तेलसंकटानंतर जग पुन्हा वाऱ्याकडे वळले, तेव्हा डॅनिश कारखान्यांनी पुढे ठेवलेला नमुना मुख्यतः यूल यांच्या चक्कीचा होता.

या बदलाची एक किंमत आहे, आणि मुलांच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात आहे. जाळ्याला जोडलेली अशी चक्की जाळ्याच्या तालावर चालते. तिला जोडलेली उच्चदाबाची वाहिनी बंद पडली, तर वारा कितीही असो, चक्की थांबवावी लागते. उरलेले अर्धे उत्तर साधे आहे : त्या विशिष्ट जागी वारा कमी असेल, वादळी वारा असल्याने सुरक्षिततेसाठी पाती वळवून ठेवली असतील, किंवा दुरुस्ती चालू असेल.

आधी मोजणी

भारतात वाऱ्याच्या विजेचा विचार स्वातंत्र्यानंतर लवकरच सुरू झाला. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९५२ मध्ये यासाठी एक उपसमिती नेमली. पुढे बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत पवनशक्ती विभाग निघाला आणि तेथे पाणी उपसण्याच्या चक्क्या तयार झाल्या. पण वीज करायची तर चक्की कुठे उभारायची, हे कळायला हवे. त्यासाठी वारा मोजायला हवा.

हे काम ज्यांच्या नावाशी जोडले गेले आहे, त्या अण्णा मणी (१९१८-२००१) यांची कर्मभूमी बरीच वर्षे पुणे होती. केरळात जन्मलेल्या मणी यांनी बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत काम केले. इंग्लंडमध्ये हवामानाच्या उपकरणांचे शिक्षण घेऊन १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. तोपर्यंत आपल्याकडची साधी उपकरणेही परदेशातून येत. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती येथेच बनवण्याची सोय केली. १९७६ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी वाऱ्याच्या मोजणीचे काम अंगावर घेतले. डी. ए. मुळे यांच्यासह त्यांनी तयार केलेला भारतातील पवनऊर्जेच्या आकडेवारीचा ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर देशभर उंच खांब रोवून त्यांवर वायुवेगमापक बसवण्याची मोहीम सुरू झाली.

वर्षाची सरासरी काढून काम का भागत नाही, हे मुलांना एका उदाहरणाने पटते. एका गावी वारा सतत सेकंदाला ५ मीटर वाहतो. दुसऱ्या गावी निम्मा वेळ २ मीटर आणि निम्मा वेळ ८ मीटर. सरासरी दोन्हीकडे ५. पण घन काढा. पहिल्या गावी १२५. दुसऱ्या गावी ८ आणि ५१२ यांची सरासरी, म्हणजे २६०. दुसऱ्या गावी दुपटीहून अधिक ऊर्जा आहे! म्हणून तासातासाची नोंद हवी, तीही वर्षभर. ती नसेल तर कोट्यवधी रुपयांची यंत्रे चुकीच्या डोंगरावर चढतील.

देवगडहून पारनेरला

महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजेच महाऊर्जा, ही संस्था १९८५ मध्ये स्थापन झाली. १९८६ मध्ये कोकण किनाऱ्यावर देवगडला ५५ किलोवॅटच्या डॅनिश पवनचक्क्या उभ्या राहिल्या. देशात जाळ्याला जोडल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पवनक्षेत्रांपैकी हे एक. आस्कोच्या शाळेतून यूल, यूलपासून डॅनिश कारखाने आणि तेथून देवगड, अशी ही परंपरा आहे. पुढे १९९० च्या दशकात विजयदुर्ग आणि साताऱ्याजवळील चाळकेवाडी येथे महाऊर्जेने प्रात्यक्षिक प्रकल्प केले. चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर मग खासगी चक्क्यांचे रानच उभे राहिले.

नगर जिल्ह्याचा क्रम त्यानंतर आला. भूगोलाच्या शिक्षकांना येथे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. नैर्ऋत्य मोसमी वारा सह्याद्री चढतो आणि आपले बहुतेक पाणी घाटमाथ्यावर टाकतो. अकोले तालुक्यातल्या घाटघरला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या पारनेरला पाचशेच्या आसपास. पाऊस घाटावर सांडून आलेला तोच वारा हरिश्चंद्र-बालाघाट डोंगररांगेच्या माथ्यांवरून पारनेर आणि नगर तालुक्यात कोरडा वाहतो. ज्या वाऱ्याने या भागाला दुष्काळी केले, त्याच वाऱ्यात वीज होती.

पारनेर तालुक्यातील कवड्या डोंगर हे वारा मोजलेल्या ठिकाणांपैकी एक. सुप्याच्या परिसरात एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच एक मेगावॅटच्या चक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतील १७ मेगावॅटचा प्रकल्प टाटा पॉवरचा होता. नगर तालुक्यात खांडके येथे याच कंपनीचा मोठा प्रकल्प झाला : ८०० किलोवॅटच्या ६३ चक्क्या, एकूण ५०.४ मेगावॅट. अकोले तालुक्यात पट्टा किल्ल्याच्या परिसरातही चक्क्या आल्या.

खांडक्याच्या प्रकल्पाचा अंदाज घेऊ. चक्की वर्षभर पूर्ण क्षमतेने चालत नाही. वर्षाची सरासरी क्षमतेच्या एक-पंचमांश धरली, तर ५०.४ मेगावॅटमधून वर्षाला सुमारे ८ कोटी ८० लाख युनिटे मिळतील. रोज एक युनिट वापरणाऱ्या सुमारे २ लाख ४० हजार घरांची ही गरज झाली.

डोंगर गावचा, वीज कोणाची?

एवढी वीज दाराशी तयार होत असताना गावात अंधार का? २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात विजेचा तुटवडा तीव्र होता आणि ग्रामीण भागात रोज अनेक तासांचे भारनियमन होई. चक्क्यांच्या पायथ्याच्या गावांना त्यातून सूट नव्हती. तिसरा प्रश्न याच अनुभवातून आलेला आहे.

शास्त्राच्या बाजूने पाहिले, तर चक्कीची वीज मुंबईला वेगळ्या नळाने जात नाही. ती जवळच्या उपकेंद्रात येते आणि तेथून जिथे मागणी आहे तिथे, बहुतेक वेळा जवळपासच, खर्च होते. पण कोणत्या वाहिनीवर किती तास वीज सोडायची, हे वितरण कंपनी राज्यभराची मागणी, गळती आणि थकबाकी पाहून ठरवत असे. त्या हिशेबात चक्की कोणत्या डोंगरावर आहे, याला स्थान नव्हते. वीज कोणाच्या खात्यावर जमा व्हायची, हे चक्कीच्या मालकीवरून ठरे.

मालकी कोणाची, हे धोरणाने ठरले. चक्कीवर गुंतवलेली जवळजवळ सगळी रक्कम पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवण्याची आयकरातील सवलत १९९० च्या दशकात होती. राज्याने विक्रीकरात सवलत दिली. २००३ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने नव्या पवन प्रकल्पांच्या विजेला पहिल्या वर्षी युनिटला ३ रुपये ५० पैसे आणि पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ, असा तेरा वर्षांसाठी दर ठरवून दिला. या सवलतींमुळे राज्यात पवनऊर्जा वेगाने वाढली, हे खरेच आहे. आज राज्याची पवनक्षमता ५ हजार मेगावॅटच्या वर आहे. पण घसाऱ्याचा फायदा घ्यायला आधी मोठा आयकर भरणारा माणूस किंवा कंपनी हवी. डोंगराखालच्या बाजरी-ज्वारीच्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? गावाच्या वाट्याला आले ते जमिनीचे पैसे, माथ्यापर्यंतचा रस्ता आणि काही जणांना रखवालीचे काम.

डेन्मार्कने वेगळी वाट धरली होती. तेथे १९८० च्या दशकात शेजारीपाजारी एकत्र येऊन एक चक्की विकत घेत. भाग घेणारा त्याच परिसरात राहणारा हवा, असा सुरुवातीला नियम होता. पुढे हा नियम सैल झाला, पण सवय राहिली. कोपनहेगनजवळ समुद्रात २००० साली उभ्या राहिलेल्या मिडलग्रुंडनच्या २० चक्क्यांपैकी निम्म्या साडेआठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या होत्या. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला, त्या जिल्ह्याला ही कल्पना परकी वाटायला नको. उसाची सहकारी संस्था आपल्याला सुचली. वाऱ्याची मात्र सुचली नाही, कारण वारा आपला आहे असे आपल्याला कोणी सांगितलेच नव्हते.

घरासाठी आणि गावासाठी

मग घरगुती चक्कीचे काय? जिथे तारा पोहोचत नाहीत, तिथे ती आजही उपयोगी आहे. केंद्र सरकारच्या अनुदानातून लहान पवनचक्की आणि सौरपट्ट्या एकत्र असलेले संकरित संच देशभर बसवले गेले आणि महाऊर्जेच्या प्रयत्नांमुळे महाराष्ट्र त्यात आघाडीवर राहिला. आपल्या हवामानात हे जोडपे शोभते. पावसाळ्यात आभाळ भरलेले असते, सौरपट्ट्या सुस्तावतात, पण वारा जोरात असतो. हिवाळ्यात वारा मंदावतो आणि ऊन स्वच्छ असते.

शेतीचे गणित यावरूनच समजते. आपल्याकडे वर्षभरातील पवनविजेचा बराच मोठा भाग पावसाळ्याच्या चार महिन्यांत तयार होतो. नेमके तेव्हा पंप कमी चालतात. रब्बीच्या पिकाला पाणी द्यायची वेळ येते, तेव्हा वारा पडलेला असतो आणि ऊन मात्र भरपूर असते. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी गावाजवळ सौरकेंद्रे उभारण्याची राज्याची योजना २०१७ मध्ये पुढे आली. तिचा पथदर्शी प्रकल्प याच पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला झाला.

साठवणीचा जुना प्रश्नही जिल्ह्याने एका वेगळ्या रीतीने सोडवला आहे. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ पासून चालतो. वीज जास्त असेल तेव्हा घाटाखालच्या तलावातले पाणी वर चढवायचे, वीज कमी पडेल तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज करायची. ला कूर यांनी हायड्रोजनच्या टाकीत जे साधले, ते येथे पाण्याने आणि उंचीने साधले आहे.

वर्गात करता येईल असे काही

यंत्र नसले तरी वारा मोजता येतो. ब्युफर्ट यांच्या मापनपट्टीत झाडांच्या हालचालींवरून वेग ओळखतात. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील, तर वेग सेकंदाला साधारण साडेतीन ते साडेपाच मीटर. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या, तर साडेपाच ते आठ मीटर. मुलांच्या चार गटांनी रोज सकाळी, दुपारी आणि शाळा सुटताना नोंद करावी. एका गटाने मैदानात, दुसऱ्याने गच्चीवर. जून ते मार्च नोंदी ठेवल्या की महिनावार आलेख काढावा. मग प्रत्येक वेगाचा घन काढून दुसरा आलेख काढावा आणि दोन्ही शेजारी ठेवावेत. पहिल्या आलेखातला उंचवटा दुसऱ्यात डोंगर झालेला दिसेल.

शेवटी त्याच कागदावर मुलांना आपापल्या घरची महिन्याची वीजबिले मांडायला सांगावीत. घराला वीज केव्हा लागते आणि वारा केव्हा येतो, हे एकाखाली एक दिसेल. उरलेल्या महिन्यांत वीज कुठून आणायची, ती कोणी साठवायची आणि गावाने तिच्यात भाग कसा घ्यायचा, यावर मुलांना वाद घालू द्यावा. आस्कोच्या शाळेतल्या वर्गात शिकलेल्या एका मुलाने या प्रश्नाचे एक उत्तर पन्नास वर्षांनी शोधून काढले होते.